"मॅडम, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही ना?"

मनाच्या त्रासासाठी लोक माझ्याकडं येतात, तशी खानापूरकडची एक पोरगी आलेली (ओळख पटेल असं सगळं बदललंय), तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, दार लावेपर्यंत सोडला नाही तिनं आणि टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न हाच. घरात स्थळं बघणं चालू, आणि बेळगावात कुणी कुणाच्या जिन्यात दिसलं की संध्याकाळपर्यंत निपाणीच्या पावण्यांना कळलेलं असतं.

तिची भीती खोटी नव्हती. आदल्याच महिन्यात ओळखीच्या एक काकू कुंद्याचा डबा घेऊन आल्या, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाल्या, "अमक्यांचा मुलगा तुमच्याकडं येतो म्हणे, आमच्या पोरीला सांगून आलाय, नुसतं हो की नाही तेवढं सांगा की." पोटच्या पोरीची काळजी, मला कळत होतं. पण मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. कारण आज एकासाठी "नाही, येत नाही" म्हटलं आणि उद्या दुसऱ्यासाठी गप्प बसले तर त्या गप्प बसण्याचा अर्थ "हो" असाच लागतो. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर, कोण येतं ते मी सांगत नाही. तो येत होता की नाही ते इथंपण लिहिणार नाही. काकूंना एवढंच म्हटलं, पोरांना दोन-तीनदा निवांत भेटू द्या, तब्येतीचं, औषधगोळ्यांचं एकमेकांना सरळ विचारू द्या. त्या रागावून गेल्या, अजून नीट बोलत नाहीत, वाईट वाटतं मला.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 23 आहे, त्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्कच आहे, कर्नाटकात काय नि महाराष्ट्रात काय. अपवाद पण आहेत, जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, कोर्टाचा आदेश असेल तर गरजेपुरतं सांगावं लागतं, आणि हे मी पहिल्याच दिवशी सांगते, नंतर कळलं तर माणूस परत येत नाही.

खानापूरकडच्या त्या पोरीनं हे ऐकलं आणि विचारलं, "मग जगावंसं वाटत नाही असं बोलले तर लगेच घरी फोन?"

म्हटलं, नाही गं, तसं वाटणं वेगळं आणि तसं करायच्या बेतात असणं वेगळं. तशी वेळ आलीच तर आधी तुला सांगणार, कुणाला बोलवायचं ते तुलाच विचारणार.

बराच वेळ फॉर्मवरचं पेन नुसतं फिरवत बसली. मग म्हणाली, "आईला नको. थोरल्या अक्काला करा." आणि नंबर लिहिला.