अर्थव्यवस्था खरोखर गुंतागुंतीची असलेला मध्ययुगीन स्ट्रॅटेजी गेम सुचवा. एज ऑफ एम्पायर्स खेळून झालाय.

मग डोळे झाकून ‘नाइट्स अँड मर्चंट्स’ घ्या. १९९८ चा जर्मन गेम आहे, चित्रं जुनाट वाटतील, पण तुम्हाला हवंय ते यात ठासून भरलंय.

एजमध्ये अन्न म्हणजे कोपऱ्यातला एक आकडा. इथे शेतकरी धान्य पिकवतो, हमाल ते रस्त्यावरून गिरणीत नेतो, तिथून पीठ बेकरीत आणि पाव खाणावळीत. तोच हमाल दगड, लाकूड, कोळसाही वाहतो. एकच अरुंद रस्ता बांधलात तर त्यावर हमालांची ही गर्दी उसळते!

खरी मेख धान्यात आहे. ते गिरणीला लागतं, डुकरांना लागतं आणि तबेल्यातल्या घोड्यांनाही लागतं. डुकरांपासून सॉसेज, शिवाय कातडं. कातड्याचं चामडं, चामड्याचं चिलखत. म्हणजे घोडेस्वारांची हौस केलीत की पावाची बोंब. खायला मिळालं नाही तर माणसं मरतात, सैनिकसुद्धा. सैन्याला जेवण पाठवायचा हुकूम तुम्हालाच द्यावा लागतो.

सुरुवातीला एवढं पाळा: शाळेत प्रत्येक नव्या माणसामागे सोन्याची एक पेटी जाते. सोन्याची खाण, कोळशाची खाण आणि भट्टी चालू व्हायच्या आत पेट्या उधळल्या तर डाव तिथेच बसला. आधी हमाल आणि गवंडी, सैन्याचं नंतर बघू.

लढाई मात्र यथातथाच. मूळ गेम विकत घेतलात तर चाहत्यांनी बनवलेला मोफत ‘केएएम रीमेक’ त्यावर टाका. मल्टिप्लेअर त्यातच खेळावा.