कॉलेजच्या पेपरचा इतिहास लिहायचाय, भांडणं ठेवू की काढू?

प्रश्न: आमच्या कॉलेजचा विद्यार्थी पेपर बरीच वर्षं चालू आहे, मी संपादक मंडळात आहे आणि विशेष अंकासाठी त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सर म्हणतात ‘सगळ्यात जुना पेपर’ असं ठळक टाका, आणि मधे एकदा संपादकाला काढलं होतं ते लिहू नका. काय करू?

उत्तर: आधी ‘सगळ्यात जुना’चं बघू, कारण या शब्दावर मोठमोठी कॉलेजं घसरलीत. अमेरिकेतलं डार्टमथ आपल्या पेपरचा जन्म १७९९ चा सांगतं, पण त्या साली निघालेलं डार्टमथ गॅझेट हे एका छापखानेवाल्याचं पत्र होतं, विद्यार्थी त्यात लिहायचे एवढंच. येलचा पेपर १८७८ चा, तो म्हणतो रोज निघणारा सगळ्यात जुना मीच. हार्वर्डवाले १८७३ धरतात, पण तेव्हा तो रोज निघत नव्हता आणि त्याचं नाव होतं ‘मॅजेंटा’, १८७५ मध्ये कॉलेजने अधिकृत रंग बदलला म्हणून पेपर ‘क्रिमसन’ झाला (रंगावरून नाव ठेवलं की असं होतं). म्हणजे तिघंही आपापल्या परीने बरोबर, कोण काय मोजतं एवढाच फरक. तुम्हीपण पहिला अंक कधीचा, तो कोणी काढला, मधे किती वर्षं बंद होता हे सरळ लिहा आणि ‘सगळ्यात’ हा शब्द राहू द्या बाजूला.

आता संपादकाचं. ते तर लिहाच! १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या ‘स्पेक्टेटर’ या विद्यार्थी पेपरचा संपादक रीड हॅरिस याला कॉलेजमधूनच काढून टाकलं, त्याच्या पेपरने जे काय काय छापलं होतं त्यात मुलांच्या जेवणाचा हॉल नफ्यासाठी चालवतात आणि तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना नीट वागवत नाहीत असंही होतं. हो, मेसवरून! मुलांनी संप केला, आणि थोड्याच दिवसांत कॉलेजला त्याला परत घ्यावं लागलं. त्याच साली त्याने कॉलेजांवर एक पुस्तकही लिहिलं होतं, ते उकरून काढून १९५३ मध्ये मॅकार्थी कमिटीने (सरकारी नोकरांत कम्युनिस्ट शोधणारी अमेरिकन सिनेटची कमिटी) त्याची उलटतपासणी केली, तेव्हा तो सरकारी नोकरीत होता. एवढं सगळं वगळून त्या पेपरचा इतिहास लिहिला तर उरणार काय, संपादकांची यादी आणि उद्घाटनाचे फोटो.

आणि एक गोष्ट जी कोणीच लिहीत नाही, छपाईचे पैसे कोण देत होतं. माझ्या मते अर्धा इतिहास इथेच असतो. अमेरिकेतल्याच बर्कली युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी पेपर ‘डेली कॅलिफोर्नियन’, त्याचं १९७१ मध्ये एका अग्रलेखावरून युनिव्हर्सिटीशी फाटलं आणि तो वेगळा झाला, आणि वेगळं होणं म्हणजे नुसती ऐट नाही, कागद, छपाई, ऑफिसचं भाडं सगळं जाहिरातींतून काढायचं. तुमच्याकडे जुनी बिलं, जाहिरातींचे दर, कॉलेजच्या फीमधून पेपरसाठी किती घेत होते याचे कागद मिळतायत का बघा, ज्या वर्षी कॉलेजचा पैसा वाढलाय त्याच्या पुढच्या अंकांत टीका कमी झालीये का तेही वाचा, होतंच असं नाही पण बघायला हरकत काय.

कामाचं सांगतो. लायब्ररीतले बांधलेले गठ्ठे काढून प्रत्येक अंकावरचा वर्ष आणि अंक क्रमांक वहीत उतरवा. ‘वर्ष ७ अंक ३’ नंतर एकदम ‘वर्ष ९ अंक १’ आला की तिथे थांबा, मधल्या वर्षी एकतर पैसे संपले असतील किंवा भांडण झालं असेल. प्रकाशक म्हणून कोणाचं नाव छापलंय, विद्यार्थ्याचं की प्राचार्यांचं, ते कधी बदललं हेही लिहून ठेवा. जुन्या लोकांच्या आठवणी घ्या पण तारीख अंकातूनच घ्या, आठवणीत सगळ्यांचाच संप मोठा झालेला असतो.

सरांना सांगा की दोन्ही बाजू छापू, कॉलेजचं पत्र असेल तर तेपण जसंच्या तसं. आणि त्या काढलेल्या संपादकाला शोधून पहिला फोन त्यालाच करा, लायब्ररीत नसलेले त्या वर्षाचे अंक बहुतेक त्याच्याच माळ्यावर असतील.