सुकन्या खात्यातून समर स्कूल?

ताई, मुलगी अकरावीत आहे, गणितात वर्गाच्या पुढे आणि हातात पेन्सिलही छान. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आवारात तीन आठवडे राहून शिकायला तिची 'निवड' झाल्याचं पत्र आलंय, फी ७ हजार डॉलर. निम्मे पैसे सुकन्या खात्यातून, बाकी पर्सनल लोन, आणि जागा धरायला १० तारखेच्या आत ५०० डॉलर, असा तुमचा बेत.

मी नको म्हणेन. मुलीला पाठवायला माझी हरकत नाही, हरकत या पैशांना आहे.

डॉलर ९० रुपये धरला तरी नुसती फी ६ लाख ३० हजार होते. त्यावर तिकीट १ लाख ४० हजार, व्हिसाचे १८५ डॉलर (व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत), मुलाखतीसाठी मुंबईच्या खेपा, विमा, हातखर्च. सव्वाआठ लाखांच्या आत हे बसत नाही. महिन्याला २२ हजार बाजूला टाकणाऱ्या तुमच्या घराची ही तीन वर्षांहून जास्त बचत झाली, आणि मुक्काम एकवीस दिवसांचा.

आता सुकन्या. तुमच्या पासबुकात ९ लाख आहेत आणि दहावी झाल्यावर निम्मे काढता येतात, हे खरं. पण ते शिक्षणासाठी, प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती दाखवून, आणि प्रत्यक्ष फी जेवढी असेल तेवढेच. विमानाचं तिकीट त्यात चालत नाही. समजा पोस्टातल्या बाईंनी फॉर्म घेतला, तरी साडेचार लाख आज काढलेत की ८.२ टक्क्यांनी सव्वा वर्षात त्याचे जे जवळपास पाच लाख होतील, तेही करमुक्त, ते बारावीनंतर फी भरायच्या वेळी हाताशी नसतील. खरा खर्च तेव्हाच येणार आहे. पर्सनल लोनबद्दल तर बोलायलाच नको.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहणाऱ्या तुमच्या भावाने ज्या गव्हर्नर्स स्कूलचा दाखला दिलाय, ते प्रकरण वेगळं आहे. नॉर्थ कॅरोलायनाने १९६३ साली हुशार आणि कलावंत मुलांसाठी राज्यभराचं निवासी उन्हाळी शिक्षण सुरू केलं. गणित, शास्त्र यांच्या बरोबरीने चित्रकला, नृत्य, नाटक. परीक्षा नाही, गुण नाहीत. पण ते त्या राज्यात राहणाऱ्या मुलांसाठी. मामा तिथे राहतो म्हणून भाचीला प्रवेश नाही. १९८४ पासून चालणारं आणि आता एमआयटीत भरणारं रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हे उन्हाळी शिबिरही बघा: जगभरातून शंभरच्या आसपास मुलं घेतात आणि शिकण्या-राहण्याची फी लावत नाहीत. चाळणी बारीक असते तिथे बिल बहुधा छोटं असतं. तुम्हाला आलेल्या पत्रात पैसे नेमके कोणाच्या खात्यात जाणार ते शोधा. सुट्टीत रिकामी वसतिगृहं भाड्याने घेऊन बाहेरच्या कंपन्याही असे वर्ग भरवतात, आणि माहितीपत्रकावर फोटो मात्र विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा.

पत्रातल्या तारखाही बघा, २८ जून ते १९ जुलै. आपल्याकडे वेकेशन जूनच्या सुरुवातीला संपतं. म्हणजे बारावीच्या सुरुवातीच्या काळातले तीन आठवडे बुडणार, ते भरून काढायला क्लासवाले वेगळी फी घेणार.

तुमच्या बडोद्याला परदेशी शिक्षणाचं वावडं कधीच नव्हतं. सयाजीरावांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण ते पदव्युत्तर शिक्षणासाठी होतं, आणि पैसे दरबारचे होते, कुणाच्या सुकन्या खात्यातले नव्हते!

मग करायचं काय? गणितात खरंच गोडी असेल तर ऑलिम्पियाडची वाट धरा. तिची पुढची शिबिरं मुंबईच्या होमी भाभा केंद्रामार्फत होतात आणि निवड झालेल्या मुलाच्या राहण्याजेवण्याचा खर्च केंद्र करतं. अकरावी संपत आलीय, त्यामुळे या वर्षीच्या फेऱ्या हुकल्या असतील; बारावीत बोर्डासोबत हे झेपेल का, ते तिलाच विचारा. चित्रांकडे ओढा असेल तर सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत प्रवेश डॅट या तिच्या प्रवेश परीक्षेवर मिळतो, समर स्कूलच्या प्रमाणपत्रावर नाही. कागद, रंग, एखाद्या चांगल्या चित्रकाराकडची शिकवणी, यासाठी वर्षाला साठ हजार ठेवा. ते महिन्याच्या शिल्लकीतून निघतात. अमेरिका बघायचीच असेल तर बारावीनंतर मामाकडे जाऊ दे, खर्च तिकिटाचा आणि व्हिसाचा.

तुमच्या पत्रात तुमचं मत आहे, भावाचं आहे, शाळेतल्या बाईंचंही आहे. मुलीचं कुठे सापडलं नाही. गणित की चित्र, हे तिला विचारून मला कळवा, मग त्या साठ हजारांची वाटणी करता येईल.

एवढं सगळं वाचूनही जायचंच ठरलं, तर रक्कम एजंटाच्या पॅकेजमधून नको, बँकेतून थेट संस्थेला पाठवा. वर्षाला १० लाखांपर्यंत अशा रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापत नाहीत. पॅकेजवर पहिल्या रुपयापासून कापतात, मग रिटर्न भरेपर्यंत पैसे अडकून पडतात. आणि ५०० डॉलर भरण्याआधी एक ईमेल करा: व्हिसा नाकारला तर किती परत मिळतील, कोणत्या तारखेपर्यंत? उत्तर लेखी येईपर्यंत १० तारीख गेली तर जाऊ दे.