वाडी रममधील मुक्काम

प्रश्न : जॉर्डनमधील वाडी रमच्या वाळवंटात बेदुईन (वाळवंटातील भटक्या अरब जमातींच्या) वाटाड्यांसोबत तंबूत राहण्याचा बेत आहे. केव्हा जावे आणि यजमानांकडे कोणते रीतिरिवाज पाळावेत?

उत्तर : मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम, हिवाळ्यात दिवसाचे ऊन सुखावह असले, तरी रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो. २०११पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या प्रदेशात, वाळूत पुरलेल्या भट्टीत निखाऱ्यांवर मांस आणि भाज्या शिजवून केलेला ‘झर्ब’ बाहेर काढला जात असताना अवश्य जवळ उभे राहावे. वेलदोडे घातलेली कडू कॉफी पुरे झाल्यावर रिकामा पेला हलवून परत द्यावा, अन्यथा यजमान तो पुन्हा भरतात (आणि मग झोपेचे खोबरे होते!). स्त्रियांची छायाचित्रे मात्र परवानगीशिवाय मुळीच काढू नयेत.