घरच्या गाडीसाठी टॉर्क रेंच: कोणता घ्यायचा आणि कसा वापरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकं तुम्ही घरीच आलटून-पालटून लावता, आता ऑइलही घरीच बदलायचंय. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच नट आवळू देणारा पाना, घ्यावा का, तीन सूतचा (३/८ इंची चौकोनी टोकाचा) की अर्धा इंची, आणि डिजिटलसाठी जादा पैसे घालावेत का? शिवाय तुमचा मेकॅनिक म्हणतो, "हाताला कळतं, कशाला पाहिजे?"

त्याच्या हाताला कळतं, हे खरं आहे. तो दिवसाला पन्नास नट आवळतो. आपण वर्षातून चार वेळा पाना धरतो आणि आपली चूक जवळजवळ नेहमी एकाच बाजूला होते. चाक निखळेल या भीतीने आपण जास्त आवळतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना चाकाच्या नटाचा आकडा १०३ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) आहे, होंडाच्या छोट्या गाड्यांना १०८. आता ७० किलोचा माणूस ३० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर २०० च्या वर जोर लागतो, म्हणजे जवळपास दुप्पट. पान्यावर पाय देऊन नट आवळणारी माणसं आपण रोज बघतो. त्यात स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो, आटे खराब होतात, आणि पुढे रात्री घाटात पंक्चर झालं की तोच नट घरातल्या कुणालाही सुटत नाही. तेव्हा घ्याच. जास्त आवळायचं थांबवायला घ्या.

पहिला अर्धा इंची घ्या, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा, टक् करून सांगणारा साधा क्लिकचा. चाकाचे नट त्याच्या पट्ट्यात बरोबर मध्यावर येतात. डिजिटल चांगला असतो, पण वर्षातून चार-पाच वेळच्या कामासाठी बॅटरी सांभाळत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. वाकणाऱ्या दांडीचा, काटा दाखवणारा जुन्या पद्धतीचा मिळाला तर तोही उत्तम. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, फक्त काटा समोरून वाचता आला पाहिजे. दांड्यावर न्यूटन-मीटरचे आकडे ठळक आहेत ना, हे दुकानातच बघा. बऱ्याच रेंचवर एका बाजूला फूट-पाउंड असतात. ८५ चुकून तिकडे लावले, तर प्रत्यक्षात ११५ न्यूटन-मीटर होतात. जुन्या मॅन्युअलमध्ये केजी-मीटर असतं. एक केजी-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर.

याच रेंचने चेंबरचा नट, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा ऑइल सोडायचा नट, आवळायचा मोह मात्र टाळा. मी तो मोह टाळला नाही. माझ्याकडे २८ ते २१० चा रेंच होता, चेंबरच्या नटाला ३५ हवे होते, आकडा पट्ट्यात बसत होता, म्हणून लावला. गाडीखाली आडवा पडून ओढत राहिलो आणि टक् कधी झालं ते कळलंच नाही. एका क्षणी नट घट्ट होता होता अचानक हाताला मऊ लागला. ती मऊ जाणीव एकदा हाताने अनुभवली की विसरत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले होते. क्लिकचा रेंच त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांच्या खाली भरवशाचा राहत नाही, शिवाय तिथला खटका इतका हलका असतो की लांब दांड्यावर हाताला जाणवतही नाही. चेंबरच्या नटाला बहुतेक गाड्यांत ३५ ते ४० लागतात, १४ मिलिमीटरच्या स्पार्क प्लगला नवीन असताना २५ ते ३०, बारीक प्लगला त्याहून बरेच कमी. या कामांसाठी दुसरा, तीन सूतचा, १० ते ६० च्या आसपासचा रेंच लागतो. ऑइल घरी बदलणार असाल तर तोही घ्या आणि मगच गाडीखाली जा. चेंबरच्या नटाचं वॉशर, आपलं वायसर, दर वेळी नवं टाका. जुनं दबलेलं असलं की गळतं, मग माणूस नट आणखी पिळतो.

आकडा कोणता, याला एकच उत्तर आहे: तुमच्या गाडीचं, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल. माझ्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका. ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांना ९ ते ११ केजी-मीटर होतं, नव्यांना ११ ते १३ झालं, तेव्हा एका कंपनीतसुद्धा फरक पडतो. सॉकेटही, म्हणजे रेंचच्या टोकाला लावायची नटाच्या मापाची वाटी, बघून घ्या. मारुतीला १९ मिलिमीटरचं लागतं, ह्युंदाईला २१ चं.

आता वापर. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तुम्ही लावलेल्या जोरातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. स्टडला ऑइल किंवा ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. म्हणून स्टड वायर ब्रशने घासा, चाक जिथे टेकतं त्या हबच्या तोंडावरचा गंजही काढा, तेल लावू नका. नट आधी हाताने फिरवून बसवा. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी फिरले नाहीत, तर आटा तिरका धरलाय असं समजा. मग साध्या पान्याने समोरासमोरचे नट टेकवा, पाच नट असतील तर चांदणीच्या क्रमाने. जॅक उतरवून टायर जमिनीला लागू द्या, आणि मग रेंच. मुठीच्या मधल्या खुणेवरच हात, संथ ओढ, झटका नाही. टक् झालं की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक् करायची सवय लावू नका, दर वेळी नट थोडा पुढे सरकतो. अ‍ॅलॉय असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालवून परत एकदा बघा. आणि या रेंचने नट सोडवू नका, त्यासाठी टॉमी किंवा लांब पाना आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. टायरच्या दुकानातून गाडी आणली, घरी रेंच लावला, चारही नटांना टक् झालं, माणूस निश्चिंत. पण त्या टक् चा अर्थ एवढाच की नट निदान तेवढा घट्ट आहे. हवेच्या गनने तो २०० ला आवळला असेल, तरी १०३ ला रेंच टक् च करणार. घरी आल्यावर एकेक नट सैल करून पुन्हा आकड्याला आवळा, किंवा दुकानातच सांगा की गन नको, हाताने टेकवून द्या. सांगायला संकोचू नका, बहुतेक जण ऐकतात.

काम संपलं की मूठ फिरवून रेंच सर्वांत कमी आकड्यावर आणून डब्यात ठेवा. त्याच्याखाली नेऊ नका. आत स्प्रिंग आहे, ती दाबलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की आकडा हलतो. आयएसओ ६७८९ या मानकात १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला ४ टक्के इकडेतिकडे चालतं, आणि वर्षभराने किंवा ५००० खटक्यांनंतर तपासणी सुचवली आहे. पुण्यात भोसरीसारख्या औद्योगिक भागात तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण घरच्या वापरासाठी मी वर्षातून एकदा घरीच बघतो.

रेंचचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये घट्ट धरतो, दांडा आडवा, असा की मूठ खाली दाबली की आवळायची दिशा येते. टोकाच्या मध्यापासून मुठीच्या खुणेपर्यंत माझ्या रेंचला ४० सेंटीमीटर भरतात. तिथे २० लिटरचा पाण्याचा जार दोरीने अडकवतो. जार आधी काट्यावर ठेवून पाणी कमी-जास्त करत बरोबर २१ किलो करतो. २१ गुणिले ९.८१ गुणिले ०.४०, म्हणजे ८२.४ न्यूटन-मीटर. त्यात रेंचच्या स्वतःच्या वजनाचा जोर मिळवायचा. रेंच बोटावर तोलून त्याचा मध्य काढायचा, टोकापासून तिथपर्यंतच्या अंतराने रेंचच्या वजनाला तसंच गुणायचं; माझ्या रेंचला ते साधारण अडीच न्यूटन-मीटर भरतं. एकूण ८५. रेंच ८० वर ठेवून जार हळू सोडला की टक् व्हायला हवं, ९० वर ठेवला की होता कामा नये. जार हाताने धरून अलगद सोडा, झोका बसला तर आकडा खोटा येतो.

एकच काम मी घरी करत नाही आणि तुम्हीही करू नका: सिलिंडर हेडचे बोल्ट. आजच्या पुष्कळ इंजिनांत ते आधी ठरावीक आकड्याला आणि मग अमुक अंश फिरवून आवळतात. तिथे बोल्ट मुद्दाम ताणला जातो, बऱ्याचदा दर वेळी नवा लागतो, आणि टक् वाजणाऱ्या रेंचने ते काम पुरं होत नाही.