‘काँट्राबँड’ माणसं: मराठीत काय लिहावं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी यादवी युद्धावरच्या मजकुरात ‘छावणीत आणखी काँट्राबँड आले’ अशी वाक्यं येतात. कोशात ‘तस्करीचा माल’, ‘निषिद्ध माल’ असे अर्थ दिलेत. मग आले ते कोण, आणि मराठीत काय लिहायचं?

आले ते मालकांकडून पळालेले गुलाम. त्यांना हे नाव कसं पडलं ते कळल्याशिवाय प्रतिशब्द निवडू नका.

मूळ शब्द इटालियन. ‘बांदो’ म्हणजे जाहीरनामा, आपली दवंडी. दवंडीने मना केलेला माल तो काँट्राबँड. युद्धाच्या कायद्यात अर्थ आणखी नेमका होतो: तटस्थ देशाकडून शत्रूकडे निघालेला दारूगोळा, शस्त्रं वगैरे. तो वाटेत पकडून जप्त करता येतो. इथे चोरटेपणा हा मुद्दाच नाही, म्हणून ‘तस्करी’ पहिल्यांदा बाद.

आता बेंजामिन बटलर. लोवेलचा नावाजलेला वकील, डेमोक्रॅटिक पुढारी, मॅसॅच्युसेट्सच्या मिलिशियातून (राज्याच्या नागरी सेनेतून) उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैन्यात जनरल झालेला. मे १८६१ मध्ये तो व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर आला आणि लगेचच फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडीतून तिथे पोचले. त्यांना बंडखोरांच्या, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या, तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. (मालकही मॅलरीच, कर्नल चार्ल्स मॅलरी. भाषांतरात गल्लत होते, पहिलं नाव गाळू नका.) दुसऱ्या दिवशी बंडखोरांकडचा मेजर कॅरी पांढरं निशाण घेऊन त्यांना मागायला आला. आधार १८५० च्या फरारी गुलाम कायद्याचा: पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा. बटलरचं उत्तर अस्सल वकिली होतं: व्हर्जिनिया फुटून स्वतःला परका देश म्हणवते ना, मग हा कायदा परक्या देशाला लागू नाही. मॅलरीने संघराज्याशी निष्ठेची शपथ घेतली तर माणसं परत देतो. नाहीतर, तुम्हीच यांना मालमत्ता म्हणता आणि लढाईच्या कामाला लावता, तेव्हा ती काँट्राबँड, युद्धातली जप्ती.

काटेकोर पाहिलं तर हा युक्तिवाद लंगडा आहे, कारण मॅलरी तटस्थ नव्हता, शत्रूच होता. वकील म्हणून आपल्याला याचा फारसा अभिमान नाही, असं बटलरनेच पुढे आत्मचरित्रात लिहिलं. पण शब्द वणव्यासारखा पसरला. जुलैअखेर त्याने युद्धमंत्र्यांना कळवलेली अशा आलेल्यांची मोजणी ९०० ची आहे: ३०० धडधाकट पुरुष, जड काम न झेपणारे ३०, १७५ बायका, १० वर्षांखालची २२५ मुलं आणि १० ते १८ वयाची १७०.

हा आकडा समोर ठेवून ‘निषिद्ध माल’ लिहून पाहा. बायकांबद्दल ‘माल’ हा शब्द मराठीत किती हिणकस वाजतो ते सांगायला नको. मूळ शब्दात तो वास नाही. ‘मुद्देमाल’ पंचनाम्यातला, पुराव्याचा. ‘निर्वासित’मध्ये कायद्याचा पेच हरवतो. ‘जप्त गुलाम’ही नको, कारण कुणी त्यांना धरून आणलं नव्हतं, ते स्वतः होडी वल्हवत आले. आणि ‘मुक्त गुलाम’ तर सरळ चूक. ऑगस्ट १८६१ च्या जप्ती कायद्याने मालकाचा हक्क काढून घेतला, पण ही माणसं स्वतंत्र झाली असं त्यात म्हटलेलं नाही.

माझा सल्ला: बोलणारा कोण ते पाहून शब्द बदला. बटलरच्या तोंडी ‘युद्धनिषिद्ध मालमत्ता’ ठेवा, तिथे मालमत्ता हाच डावाचा पाया आहे. सैनिक किंवा वृत्तपत्र बोलत असेल तर ‘काँट्राबँड’ तसाच ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा करा. लेखक स्वतः सांगत असेल तिथे ‘आश्रयाला आलेले गुलाम’.

एक खूण हाताशी ठेवा. मालाच्या अर्थी इंग्रजीत हा शब्द सहसा अनेकवचनात येत नाही. शेवटी ‘स्’ लागून ‘काँट्राबँड्स’ झाला, की त्या काळच्या मजकुरात तो बहुधा माणसांबद्दलच असतो. सप्टेंबर १८६१ मध्ये नौदलाने त्यांना भरती करायला परवानगी दिली, तेव्हा पगार ठरला महिना १० डॉलर आणि रोजचा एक शिधा, आणि हुद्दा ‘बॉय’पेक्षा वरचा नाही. हा ‘बॉय’ म्हणजे जहाजावरचा सर्वांत खालचा दर्जा. त्याचंही ‘मुलगा’ करू नका.