वही वाचून निदान होत नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीला ७१ टक्के होते. दीड वर्ष खुनांच्या सत्यकथांचे पॉडकास्ट ऐकते. परवा तिच्या कपाटात वही सापडली. आरोपींची नावं, तारखा, ‘त्याने असं का केलं असेल’, अशी पानंच्या पानं. ह्यांनी वही काढून घेतली. ती म्हणते फॉरेन्सिक सायकॉलॉजी, म्हणजे गुन्ह्यांशी संबंधित मानसशास्त्र, करायचं. आम्ही म्हणतो, एक वर्ष ड्रॉप घे, ‘नीट’ परीक्षा दे, मग हवं तर सायकियाट्रिस्ट हो. तिच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना? उद्या स्थळं बघताना लोक काय म्हणतील? (एक आई, सांगली)

ताई,

पत्रात गुणांबद्दल एक ओळ आहे, बाकी सगळी वहीच. म्हणून आधी वहीबद्दल.

‘असं का केलं असेल’ हा प्रश्न पडणं हा आजार नाही. न विचारता मुलीचं कपाट उघडणं मात्र नक्की चूक आहे. वही तिला परत द्या आणि घेतली कुणी, त्यानेच ‘चुकलं’ म्हणावं. न आलेल्या स्थळाला विचारून शाखा ठरवायची नसते. काळजी करायचीच तर हे बघा : रात्री दोन-दोनपर्यंत जागते का, एकटीला झोपायची भीती वाटते का, जेवण आणि मैत्रिणी तुटल्यात का. यातलं काही असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. नसेल तर विषय संपला.

लिहिलेल्यावरून माणूस ओळखण्याचा हा नाद किती महागात पडतो, ते मुलीला कदाचित माहीत असेल. जुलै १९९२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर एका तरुणीचा तिच्या लहानग्या मुलासमोर खून झाला. पोलिसांनी मानसशास्त्रज्ञाकडून खुन्याचं ‘प्रोफाइल’ (तो कसा माणूस असेल याचा अंदाज) करून घेतलं आणि त्यात बसणारा एक एकलकोंडा माणूस हेरला. एका महिला पोलिसाने मैत्रीण बनून त्याच्याशी कित्येक महिने पत्रव्यवहार केला. तिला आवडेल असं तो लिहीत गेला. खून त्याने कबूल केला नाहीच, तरी पत्रांतल्या कल्पनाच त्याच्याविरुद्ध मांडल्या गेल्या. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा सगळा पुरावा फेटाळला. दरम्यान, तो कोठडीत असताना, नोव्हेंबर १९९३ मध्ये खऱ्या खुन्याने आणखी एक बाई आणि तिची चार वर्षांची मुलगी मारली होती. पुढे डीएनएमुळे विम्बल्डनशी त्याचा संबंध जुळला आणि २००८ मध्ये त्याने तो गुन्हा मान्य केला. तेव्हा ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट खुन्याचं मन वाचतो’ हा समज तिनेही सोडावा आणि तुम्हीही. पॉडकास्टमधला प्रोफाइलर ही आपल्याकडे वेगळी नोकरी नाही.

प्रत्यक्ष काम कसं असतं? पॉलिग्राफ घ्या, म्हणजे ज्याला ‘लाय डिटेक्टर’ म्हणतात तो. छाती-पोटावर श्वास मोजणाऱ्या नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना इलेक्ट्रोड. पण वेळ खरा जातो आधीच्या मुलाखतीत. प्रत्येक प्रश्न त्या व्यक्तीला आधी वाचून दाखवायचा, उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा घासायचा, मग तीच प्रश्नावली पुन्हा पुन्हा चालवायची. यंत्र खोटं पकडत नाही, ताण पकडतं; घाबरलेला निर्दोष माणूसही आलेख हलवतो. सेल्वी खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूची चाचणी करायला मनाई केली, आणि संमती असली तरी निव्वळ निष्कर्ष पुरावा ठरत नाही. याखेरीज कामं आहेत : १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळासाठी प्राथमिक मूल्यांकन, फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीची मानसिक तपासणी (सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मनोज निकालानंतर हे खालच्या कोर्टातच व्हायला हवं), पोक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यांतल्या मुलांना आधार. बहुतेक दिवस फायली, अहवाल आणि उलटतपासणीची तयारी. सरकारी पदं मोजकीच, हे आत्ताच ऐकून ठेवा.

नीटसाठी ड्रॉप तिने मागितलेला नाही, तर देऊ नका. बीएस्सी फॉरेन्सिक सायन्सलाही घाईने पाठवू नका. तिथे रसायनं, रक्त, डीएनए, विषं आणि बंदुकीच्या गोळ्या, मानसशास्त्र नावापुरतं. बीए किंवा बीएस्सी मानसशास्त्र, त्यात संख्याशास्त्र न टाळता, मग गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठासारख्या ठिकाणी पदव्युत्तर. रुग्ण तपासायचे असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी मिळवून देणारा क्लिनिकल अभ्यासक्रमच लागतो. नुसत्या फॉरेन्सिक पदवीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही, आणि खाजगी संस्था हे प्रवेशाच्या वेळी सांगत नाहीत. मान्यता त्या वर्षाला चालू आहे का, ते आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

बारावीची परीक्षा झाली की तिला एक काम द्या. पॉडकास्टमधल्या एखाद्या भारतीय खटल्याचं उच्च न्यायालयाचं निकालपत्र इंटरनेटवर फुकट मिळतं, ते वाचायला सांगा. साक्षीदाराचा जबाब घटनेनंतर किती दिवसांनी घेतला? ओळखपरेड कधी झाली आणि त्याआधी आरोपीचा फोटो पेपरात आला होता का? (पोलीस आरोपीला बुरखा घालून आणतात ते यासाठीच.) पहिल्या जबाबात नसलेलं काय कोर्टात नव्याने आलं? असे तीन निकाल पूर्ण वाचून, टिपणं काढूनही गोडी टिकली, तर मानसशास्त्राचा अर्ज बिनधास्त भरा. दहाव्या पानावर कंटाळली, तर पॉडकास्ट छंद म्हणून राहू देत. पदवीसाठी दुसरं काहीतरी बघू.